कळंबा, मंगळवार

शिरोली नाक्यावर संयोगिताची स्कूटर बंद पडली त्या रात्री
आम्ही चौघींनी एकमेकींना आपापला ठिपका देऊन टाकला.
'एक तासासाठी' असंही होतं त्यात, 'बंद करेपर्यंत' असंही.
आम्ही दुसरं दाबलं.
मैत्रीत तासाचा हिशोब कुठं ठेवायचा?

बरं वाटायचं, खरंच.
यास्मिन राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, क्लास सुटायच्या बेतात.
संयोगिता उद्यमनगरात, फाउंड्रीच्या ऑफिसात.
पद्मजा शाहूपुरीत, बँकेत.
मी बावड्याला, कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानात.
रात्री दिवा घालवण्याआधी एकदा बघून घ्यायचो:
चारही ठिपके आपापल्या घरी,
कोंबड्या डालल्यासारखे.

मग एक आड एक मंगळवारी
पद्मजाचा ठिपका कळंब्याला जायला लागला.
'तळ्यावर जातो गं, हवा खायला.'
(आमच्याकडं बायकाही जातो म्हणतात.
पुण्याची माझी जाऊ अजून हसते.)
हवा खायला. मे महिन्यात. दुपारी दोनला.

मी दोन बोटांनी नकाशा ताणला.
तळं निळं होतं.
ठिपका निळ्यात नव्हता, काठावर नव्हता,
तळं सोडून पार अलीकडं,
एका लांबलचक भिंतीला चिकटून थांबला होता
पाऊण तास.

मी कुणाला बोललो नाही.
यास्मिनही बोलली नाही, संयोगिताही.
पण तळ्याचा विषय निघाला
की तिघींचे डोळे एकदम चहाच्या कपात.

संयोगिताकडं जेवायला होतो तेव्हा तिचे मिस्टर म्हणाले,
'लपवण्यासारखं काय नसंल तर भ्यायचं कशाला माणसानं?'
तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं
न्हाणीची कडी आतून लागली. पोरगा अंघोळीला गेला होता.
मी एकटाच हसलो.
तांबडा रस्सा नाकात गेला.

माझ्या काचेवर दिवसभर लोकांचं काय काय पालथं पडतं.
जामिनाचे अर्ज, सोडचिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट,
पोराच्या दाखल्यावरचं खोडलेलं नाव.
मी वाचत नाही.
म्हणजे डोळे वाचतात, मी नाही.
हे मला जमतं
असं मला वाटायचं.

गणपती गेले त्या आठवड्यात पद्मजाचा ठिपका गेला.
ना कारण, ना निरोप. तीनच उरले.
संयोगिता भडकली. 'आमच्यावर इस्वास नाही व्हय तिचा?'
यास्मिन म्हणाली, 'राहू दे तिला.'
मी काहीच म्हणालो नाही, पण रात्री
चौथा शोधत बोट फिरवत राहिलो, 
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं.

महिन्यानं तिचा फोन आला.
'गंगावेशीत ये. दूध पिऊ.'
'गंगावेशीत कुठं?'
'म्हशी उभ्या असतात तिथं. काळ्या तोंडाची असंल बघ,
तिच्यापाशी.'
तिथल्या सगळ्याच काळ्या तोंडाच्या.
दोन फेऱ्या मारल्या, मग हाक ऐकू आली.

डोळ्यांदेखत पिळलेलं दूध ग्लासात आलं,
कोमट, वर बोटभर फेस.
ती म्हणाली, 'माझा भाऊ आत हाय. कळंब्यात.
दोन वर्षं होतील दिवाळीला.'

मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं,
आणि पुढचं तर खरंच पहिल्यांदा ऐकत होतो:
की भेटीला गेलं की तो केसचं विचारत नाही, आईचं विचारत नाही,
आधी विचारतो, रंकाळ्याला पाणी किती हाय.
आणि ही अंदाजानंच सांगते काहीतरी.
बँक, घर आणि ती भिंत, यातून
हिला कुठं जमतंय रंकाळ्याला जायला.

मग ती गप्प झाली. मागं म्हशीनं शेपूट झाडलं.
'तुला ठाऊक होतं?'
'नाही,' मी म्हणालो.

तिनं ओढणीच्या टोकानं
माझ्या ओठावरचा फेस पुसला.
जरा जोरातच.